मेथिलीन ब्लूची रेष का वाकते?

कन्नडचं कॉलेज असो की संभाजीनगरचं विद्यापीठ, एम.एस्सी.च्या प्रकल्पात मेथिलीन ब्लू भेटतोच. पाण्यात ६६४ नॅनोमीटरला शिखर, संहती वाढवत न्या, शोषणाची सरळ रेष मिळते. द्रावण दाट झालं की मात्र ती खाली वाकते. मग वरचे दोन बिंदू 'एरर' म्हणून खोडले जातात. खोडू नका, आधी पूर्ण वर्णपट बघा. ६१० जवळचा खांदा चढलेला दिसेल. (थोडा खांदा एकट्या रेणूलाही असतोच.)

हे रेणू सपाट असतात. दाटीत ते भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसतात. प्रकाश शोषताना प्रत्येकात विद्युतभार एका दिशेने हलतो. शेजारीशेजारी, समांतर हलायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून शोषण निळ्या बाजूला सरकतं. हा एच-समूह, याची प्रतिदीप्ती बहुधा मंदावते. रेणू रेल्वेच्या डब्यांसारखे एकामागे एक लागले तर उलटं: लाल बाजूला सरकलेलं, अरुंद शिखर. तो जे-समूह, १९३६ मध्ये जेली आणि शायबे यांनी वेगवेगळा पाहिलेला. 'जे' जेलीचाच.

तपासायला सोपं आहे. द्रावण दहापट दाट करा आणि १ सेंमीऐवजी १ मिमीच्या क्युव्हेटमध्ये मोजा. प्रकाशाच्या वाटेतले रेणू तेवढेच, तरी वर्णपटाचा आकार बदलला, तर रेणू जोड्या करताहेत.

उत्प्रेरकाने रंग किती टक्के नष्ट केला, हे फक्त ६६४ वरून काढत असाल तर ही चाचणी आधी कराच. शिखर उतरलं म्हणजे रेणू तुटलाच असं नाही.