रानपोपटी आणि रसभरी

पाऊस होऊन गेला की वळसंगच्या शिवारात, तुरीच्या ओळींत आणि बांधाकडेला एक झुडूप उगवतं. त्याला आकाशकंदिलासारखी लोंबती फळं असतात. कुणी त्याला रानपोपटी म्हणतं, कुणी चिरबोटी. शहरातल्या फळवाल्याकडे तशाच कागदी आवरणातली केशरी रसभरी दिसते. मग विचारणा होते, हे तेच का?

तेच नव्हे, चुलत बहिणी म्हणू या. दोघी फायसॅलिस या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे वांगं-टोमॅटो-मिरचीच्या कुळातल्या. ग्रीक भाषेत 'फायसा' म्हणजे फुगा. हा फुगा पानांचा नव्हे, फुलाच्या निदलपुंजाचा. वांग्यावर देठाशी जी हिरवी टोपी राहते ना, तीच इथे वाढत वाढत अख्खं फळ पोटात घेते.

रानपोपटी म्हणून आपण फायसॅलिस अँग्युलाटा ही जात धरू. ती एका हंगामाची. खोड कंगोरेदार, पान जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला दातेरी, फूल लहान, फिकट पिवळं. फळ पिकलं तरी हिरवट-पिवळंच. रसभरी म्हणजे फायसॅलिस पेरुव्हियाना. पान हृदयाकृती, मखमलीसारखं लवदार; पिवळ्या फुलाच्या घशात पाच ठळक काळपट ठिपके; फळ पिकून केशरी होतं. पण रानात लवदार पानांच्या इतर जातीही आहेत, तेव्हा नुसत्या पानावरून निकाल देऊ नका. फूल बघा.

मूळच्या दोघी अमेरिकेकडच्या. रसभरी पेरूच्या अँडीज डोंगरातली. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात तिची लागवड झाली, म्हणून 'केप गूजबेरी'. खऱ्या गूजबेरीशी तिचं काडीचंही नातं नाही.

आता पोरांसाठीचं महत्त्वाचं. दोघींचीही कच्ची हिरवी फळं खाऊ नयेत. फुगा वाळून कागदासारखा झाला, आतलं फळ पिकलं, तरच खायचं. तणनाशक मारलेल्या रानातलं तर पिकलेलंही नको. आणि अश्वगंधेलाही असाच फुगा येतो! तिचं पिकलेलं फळ लालभडक असतं. फुग्यात लाल फळ दिसलं की तोंडात घालायचं नाही, हे मुलांना आजच सांगा.

बांधावरची सगळी रानपोपटी उपटावी का? शेजारी टोमॅटो किंवा मिरची असेल तर हो, कारण एकाच कुळातली असल्यानं कीड आणि विषाणू या तणावर मुक्काम करून पिकात उतरू शकतात. नुसती ज्वारी असेल तर चार झुडपं राहू द्या की.