रस्ता खोदावा केव्हा?

मुंबईत रस्ता बांधण्यास वर्षाचे दिवस किती मिळतात, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. पावसाळ्यात नवे खोदकाम करावयाचे नाही, ३१ मेपर्यंत कामे आवरावयाची आणि १ ऑक्टोबरनंतर पुन्हा हाती घ्यावयाची, असा महानगरपालिकेचा शिरस्ता आहे. म्हणजे उरले आठ महिने. सिमेंट काँक्रीटला पुरते बळ येण्यास साधारणतः २८ दिवस लागतात. त्यात वर्दळीचा रस्ता एकदम बंद करता येत नाही; तो बहुधा अर्धा-अर्धा करून बांधावा लागतो. तेव्हा नुसती वाट पाहण्यातच जवळजवळ दोन महिने जातात. जुना रस्ता उखडणे, जलवाहिन्या व मलवाहिन्या दुरुस्त करणे, विजेच्या तारा हलविणे, हे सारे निराळेच. फेब्रुवारीनंतर पहिली कुदळ मारणे हा जुगारच होय.

आणि नेमका तोच आपण खेळतो. सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले ते १९ जानेवारी २०२३ रोजी. त्या हंगामाचे साडेतीन महिने तेव्हाच सरले होते. २०२५ साली तर ३१ मेची मुदत संपण्यापूर्वीच, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून.

दोष आर्थिक वर्षाचा, असे कोणी म्हणेल. एप्रिल ते मार्च हे वर्ष १८६७ पासून चालत आलेले आहे. ते जानेवारीत सुरू करावे, अशी शिफारस १९८५ साली एल. के. झा समितीने केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. परंतु रस्त्यांपुरते पाहता हे वर्ष मुळीच गैरसोयीचे नाही. एप्रिलमध्ये तरतूद हाती येते, पुढचे सहा महिने निविदा, छाननी व मंजुरी यांसाठी मोकळे असतात. निविदेच्या कागदावर काही पाऊस पडत नाही! सप्टेंबरअखेर कार्यादेश निघालेला नसेल, तर तो रस्ता त्या वर्षी उकरूच नये, एवढा एक नियम पुरेसा आहे.

असा नियम का होत नाही? कारण विलंबाची किंमत निविदेत कोठेच नसते. ती फळीपुढे चर पडलेला दुकानदार भरतो, बस वळविल्यामुळे कचेरीत उशिरा पोहोचणारा कारकून भरतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा केंद्राकडे धावणारा विद्यार्थी भरतो. लंडनमध्ये २०१२ पासून ही किंमत वसूल केली जाते: गर्दीचा रस्ता गर्दीच्या वेळी अडविणाऱ्याकडून दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत भाडे घेतात. मुंबईत असे भाडे लागू झाले, तर गॅसची नळी आणि विजेची तार एकाच खड्ड्यातून जावी म्हणून कंपन्या आपण होऊन एकमेकींच्या दारी खेटे घालू लागतील.