साय काढलेलें दूध व मुलांचे डोळे

दुधाची साय काढली, तरी प्रथिनें व चुन्याचा अंश शिल्लक राहतो. परंतु 'अ' व 'ड' हीं जीवनसत्त्वें स्निग्धांशांतच विरघळत असल्यामुळें सायीबरोबर निघून जातात. पहिल्या महायुद्धाच्या काळीं डेन्मार्क देशांतील लोणी परदेशीं विकलें जाई व गरिबांच्या मुलांस साय काढलेलें दूध मिळे. त्यामुळें कित्येक मुलांचे डोळे गेले. १९१७ च्या अखेरीस लोण्याचें नियंत्रित वाटप सुरू होऊन तें घरोघरीं पोंचलें, तेव्हां हा रोग हटला.

हीच उणीव भरून काढण्यासाठीं भारतांतील कित्येक दुग्धालयें २०१८ च्या नियमांप्रमाणें कमी स्निग्धांशाच्या दुधाच्या दर लिटरांत 'अ' २७० ते ४५० व 'ड' ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम मिसळतात. घरीं साय काढणारास ही सोय नाहीं. म्हणून शेतकरी बंधूंनीं लोणी विकण्यापूर्वीं मुलांचा वांटा बाजूस काढावा.