दिव्यापुढचे चिलखत

यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे मुंबईहून पुण्याकडे मोटारसायकलीने निघालेल्या प्रत्येकाला खंडाळ्याचा घाट चढून लोणावळा, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव, तळेगाव असा जुना हमरस्ताच धरावा लागतो. आणि पावसाळ्यात डांबरातून सुटलेली खडी पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उसळून दिव्याच्या काचेवर बसण्याचा धोका या रस्त्याला नेहमीचाच असल्यामुळे, दिव्यापुढे लोखंडी जाळी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण बसवून घेण्याचा शिरस्ता मावळात चांगलाच रुळला आहे. या बंदोबस्ताने काच वाचते, हे निर्विवाद. परंतु अंधार पडला की त्याच आवरणाच्या वरच्या कडेवर एक पांढरी, झगझगीत रेघ उमटते, आणि ती चालकाच्या दृष्टिक्षेत्राच्या खालच्या बाजूला अखंड जळत राहिल्यामुळे पुढचा रस्ता आहे त्याहून अधिक काळा भासू लागतो.

ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीवर जुन्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात दिवेलागणीनंतर कसा इलाज होतो, हे मला जवळून पाहता आले. दिवसाउजेडी या कामाला हात घालण्यात अर्थच नसतो. मिस्त्रीने गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली, मालकाला नेहमीच्या बैठकीत बसवले आणि सर्वप्रथम हेल्मेटची काच वर करायला सांगितले. कारण ओरखडे पडलेल्या काचेतून प्रत्येकच दिवा पसरट दिसतो, आणि तिचा कसूर विनाकारण जाळीच्या माथी मारला जातो. मग त्याने आपला तळहात आवरणाच्या कडेकडेने सावकाश सरकवला. ज्या ठिकाणी हात येताच मालकाच्या डोळ्यांवरची चमक नाहीशी झाली, तिथे खडूची खूण केली. अशा खुणा मुख्यत्वे वरच्या कडेला, स्क्रूच्या भोकांभोवती आणि प्लॅस्टिक जिथे वाकवलेले असते त्या कोपऱ्यांवर पडल्या.

त्या तिथेच का पडाव्यात, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. पॉलिकार्बोनेटच्या सपाट, निर्मळ पत्र्यातून प्रकाश सरळ आरपार जातो. प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे पाच टक्के तेवढा मागे परततो. मात्र पत्र्यावर ओरखडा, धूळ किंवा भोक असले, की तिथे काही किरण विखुरतात, आणि लंबरेषेशी सुमारे ३९ अंशांहून अधिक तिरपे झालेले किरण पत्र्याच्या जाडीतच कोंडले जातात. आतल्या आत संपूर्ण परावर्तन पावत ते कडेपर्यंत पोहोचतात आणि तिथे एकदम बाहेर पडतात. नवे असताना निरुपद्रवी वाटणारे आवरण दोन पावसाळ्यांनंतर छळू लागते, ते यामुळे. लोखंडी जाळीचा प्रकार याहून सोपा आहे: तिच्या आडव्या गजांची दिव्याकडची बाजू गुळगुळीत किंवा चकचकीत मुलाम्याची असली, तर गोल गजाचा वरचा अंश दिव्याचा प्रकाश थेट चालकाच्या तोंडावर फेकतो.

निदान झाल्यावर उपचाराला फारसा वेळ लागला नाही. मात्र त्यातला क्रम मोलाचा होता. आवरण उतरवून साबणाच्या पाण्याने धुतले गेले. कड वॉटर पेपरने घासून तिची झिलई काढली, आणि तिच्यावर चकाकी नसलेली काळी कापडी टेप बसवली. थिनर मिसळलेला रंग पॉलिकार्बोनेटला बारीक तडे पाडतो, म्हणून तिथे रंगापेक्षा टेप बरी. लोखंडी जाळीच्या मागच्या बाजूला मात्र मॅट काळा स्प्रे खुशाल चालतो. यानंतर मिस्त्रीने खालच्या दोन स्क्रूंमागे वॉशर घालून आवरणाची खालची बाजू किंचित पुढे काढली. असे केल्याने आवरणावरून परतणारा प्रकाश वर डोळ्यांकडे न जाता खाली मडगार्डाकडे वळतो. शिवाय दिवा आणि आवरण यांच्यामध्ये हवा खेळती राहून आतून दमटपणा धरत नाही.

येथे एका जुन्या वहिवाटीचा विचार करणे अगत्याचे आहे. १९७१च्या युद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करण्याचा हुकूम होता, आणि पुढेही कित्येक वर्षे दिव्याच्या काचेवर काळा ठिपका काढण्याची पद्धत आपल्या रस्त्यांवर टिकून होती. तोच उपाय आवरणावर करावा, असे अनेकांच्या मनात येते. परंतु एच-४ जातीच्या ६०/५५ वॉटच्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक लहानशी धातूची वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, आणि परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडलेला प्रकाशच तेवढा खाली रस्त्यावर येतो. म्हणजे वरचा भाग काळा करणारा मनुष्य समोरच्याची सोय करण्याच्या भरात स्वतःचा डिपरच विझवून बसतो. काळे करायचे ते कडेला, तोंडाला नव्हे.

चालकाच्या डोळ्यांवरची रेघ गेली म्हणजे काम संपले, असे मात्र मिस्त्री मानत नव्हता. ओरखडलेले, पिवळट पडलेले आवरण डिपरची ठरीव मर्यादा मोडून प्रकाश वरही उधळते, आणि त्याचा जाच समोरून येणाऱ्याला होतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६व्या नियमाने यासाठी एक मोजमाप घालून दिले आहे: दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. कायद्याचे हे कलम मिस्त्रीने वाचले होते की नाही, हे मी विचारले नाही. पण त्याने मालकाला खाली उतरवून, स्वतः गाडीवर बसून, जवळपास त्याच जागी किंचित वाकून उभे राहायला लावले. मग मागे आणखी एक जण बसवून तोच प्रयोग पुन्हा केला, कारण मागच्या सीटवर वजन पडले की गाडीचे शेपूट दबते आणि दिव्याचे तोंड वर उचलले जाते. सोबती घेऊन पवना धरणाकडे निघणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा दोष आवरणापेक्षाही मोठा ठरतो, आणि त्यावर टेपचा काहीच उपयोग नसून दिव्याचा रोखच खाली करावा लागतो.

टेपची मर्यादा धुक्यातही कळून येते. भुशी धरणावरून टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आषाढात ढगच खाली उतरतो, आणि तेव्हा जी पांढरी भिंत पुढे उभी राहते, ती हवेतल्या असंख्य जलबिंदूंनी मागे उधळलेल्या प्रकाशाची असते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागत असल्यामुळे तो विझवण्याची मुभा चालकाला उरलेली नाही. अप्पर सोडून डिपरवर येणे आणि वेग आवरणे, एवढेच त्याच्या हातात राहते.

आपल्या वस्तूच्या रक्षणासाठी केलेली तजवीज बहुधा त्या वस्तूकडे पाहूनच जोखली जाते: काच फुटली नाही, तेव्हा जाळी चांगली. गॅरेजातल्या त्या मिस्त्रीने मात्र तिची पारख दोन ठिकाणांहून केली, एकदा बैठकीवरून आणि एकदा समोरून. आणि मालकाने दोन्ही जागांवरून होकार दिल्यावरच मजुरी मागितली. जाळी विकत घेणाऱ्याने दुकानातून निघण्यापूर्वी अंधार पडण्याची वाट पाहून एवढी पारख स्वतः केली, तर निम्म्या तक्रारी गॅरेजपर्यंत येणारच नाहीत.