आकडा तोच, आघात वेगळा

संगणकातल्या पियानो-सॉफ्टवेअरवर तयार केलेली रचना तारा आणि हातोड्यांच्या खऱ्या पियानोकडून आपोआप वाजवून घेता येते, ती १९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी या संकेतपद्धतीमुळे. मिडी ध्वनी वाहून नेत नाही. कोणती पट्टी किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच ती आकड्यांत कळवते. पियानोच्या ८८ पट्ट्यांना त्यात २१ ते १०८ हे क्रमांक आहेत, तर आघाताचा वेग, म्हणजेच स्वराचा जोर, १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो.

यंत्राने वाजणारा पियानो मात्र मिडीपेक्षा बराच जुना आहे. १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे उत्पादकांनी भोकांच्या कागदी गुंडाळ्यांचे समान माप ठरवले आणि एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या वाद्यावर वाजू लागली. यामाहाच्या डिस्क्लाव्हियरसारख्या आजच्या वाद्यांत कागदाची जागा मिडीने घेतली असून प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडा वर ढकलणारे विद्युतचुंबक, बसवलेले असते.

खरी अडचण सुरू होते ती इथे. सॉफ्टवेअरला आकडा मिळताच स्वर उमटतो. लाकडी हातोडीला मात्र तारेपर्यंतचे अंतर कापावे लागते. जोरदार आघातात त्यासाठी सुमारे पंचवीस-तीस मिलिसेकंद पुरतात, पण अगदी हळुवार स्वराला दीडशेहूनही अधिक लागू शकतात, त्यामुळे संकेत येताच पट्टी हलवली तर एकाच वेळी वाजायचे स्वर विस्कळीत होतील आणि लयच बिघडेल. म्हणून डिस्क्लाव्हियर बाहेरून आलेला प्रत्येक संकेत साधारण अर्धा सेकंद राखून ठेवतो आणि मंद स्वराची पट्टी आधी, जोरदार स्वराची नंतर हलवतो. या उपायातली सूक्ष्मता खरोखर दाद देण्याजोगी आहे.

आघाताच्या आकड्याचा अर्थही दोन्हीकडे सारखा नसतो. सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट ऐकू येणारा क्षीण स्वर खऱ्या पियानोवर मुकाच राहू शकतो, कारण तेवढ्या बळाने हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय पट्टी पुरेशी वर आल्याखेरीज तोच स्वर पुन्हा वाजत नाही, ही मर्यादा सॉफ्टवेअरला नाही. यामाहाने वरच्या श्रेणीच्या वाद्यांत आघाताच्या १०२४ पायऱ्या आणल्या, पण साध्या मिडी फाइलमध्ये हा तपशील मुळातच नसतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमधला वेग-वक्र, म्हणजे बोटाचा जोर आणि पाठवला जाणारा आकडा यांचे नाते, समोरच्या पियानोनुसार कानाने ऐकून जुळवावे लागते. आणि दोन्ही वाद्ये एकत्र वाजवायची असतील, तर सॉफ्टवेअरचा आवाजही तेवढाच अर्धा सेकंद मागे सरकवावा लागतो.