यूपीएस नुसता घेऊ नका, संगणकाशी जोडा!

पनवेलजवळच्या करंजाड्यात भातखाचरांच्या जागी आता सिडकोचे भूखंड आणि इमारती दिसतात. विमानतळ प्रकल्पात घरे गेलेल्यांपैकी अनेकांचे पुनर्वसनही याच वडघर-करंजाडे भागात झाले. शेती घटली तरी हिशेब काही घटले नाहीत. सोसायटीची येणी, दुधाची खाती, रोपवाटिकेची विक्री, सगळे संगणकात गेले. पण कोकणातला वारा संगणक बघून वाहत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात विजेचे खांब आडवे झाले, हे आपण विसरलेलो नाही.

संगणक गावात आणण्यात आपल्या सहकाराचा वाटा मोठा आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. आता खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली वापरतात. सी-डॅकची 'बॉस' ही त्यातलीच एक.

आता मुद्द्याचे. यूपीएस घेतला म्हणजे काम झाले, असे बरेच जण समजतात. पण छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटेच तग धरतो. रात्री वीज गेली आणि ऑफिसात कोणी नसले, तर बॅटरी संपते आणि संगणक धाडकन बंद पडतो. त्या क्षणी हिशेब लिहिला जात असेल, तर फाईल अर्धवट राहते. मग सभासदाचे दूध किती लिटर, हे कुणाला विचारायचे? उपाय सोपा आहे. यूपीएसने सांगायचे आणि संगणकाने आपणहून नीट बंद व्हायचे. त्यासाठी दोघांमध्ये सिरियल केबल लागते.

केबल : ९ पिनांचे तोंड सारखेच दिसते म्हणून बाजारातली कुठलीही केबल लावू नका. आतल्या तारांची जोडणी वेगळी असते. एपीसीच्या काही यूपीएसना साधी केबल लावताच यूपीएसच बंद पडतो! कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेलीच केबल घ्या. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसेल, तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर चालतो. यूपीएसलाच यूएसबी असेल, तर मात्र तीच जोडणी सोपी.

प्रकार : साधा यूपीएस दोनच गोष्टी सांगतो : वीज गेली आणि बॅटरी संपत आली. 'स्मार्ट' यूपीएस बॅटरी किती टक्के, भार किती, हेही सांगतो.

प्रोग्राम : एपीसीसाठी 'एपीसीयूपीएसडी', इतर कंपन्यांसाठी 'नट'. दोन्ही मोफत आहेत. त्यात केबलचा प्रकार, यूपीएसचा प्रकार आणि पोर्टचे नाव भरावे लागते. पहिला सिरियल पोर्ट लिनक्समध्ये 'टीटीवायएस०' असतो, कन्व्हर्टर लावल्यास बहुधा 'टीटीवाययूएसबी०'. एपीसीयूपीएसडीमध्ये बॅटरी ५ टक्के किंवा वेळ ३ मिनिटे उरली की संगणक बंद करण्याची सूचना आधीच भरलेली असते. बॅटरी जुनी असेल तर एवढ्यावर विसंबू नका, आकडे वाढवा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. संगणक बंद झाल्यावर यूपीएसनेही पुरवठा तोडला पाहिजे, आणि वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल अशी सोय बायॉसमध्ये केली पाहिजे. नाहीतर सकाळी दूध घेऊन माणसे दारात आणि संगणक झोपलेला!

चाचणी : आधी हिशेबाची प्रत वेगळी काढून ठेवा. मग बोर्डावरचे बटण बंद करा. प्लग उपटू नका, कारण त्याने अर्थिंगही तुटते. संगणक वेळेत बंद होतो का, ते घड्याळ लावून बघा.

यूपीएस खताच्या गोदामात ठेवू नका, खताची धूळ आणि दमट हवा त्याला मानवत नाही. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नका. केबल उंदरांपासून जपा. उन्हात तापणाऱ्या खोलीत बॅटरी लवकर मरते, म्हणून दर वर्षी मे महिन्यात चाचणी घ्या आणि मृग लागण्याआधी हे काम उरकून टाका.