हिरवा दिवा म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे

सिरोंचा तालुक्यात कापूस, मिरची, धान यांच्या फवारणीचे दिवस आले की पाठीवरच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली जाते. सकाळी दिवा हिरवा असतो, तरी दोन-तीन टाक्यांतच पंपाची धार मंदावते. मग चार्जर खराब ठरतो आणि नव्या चार्जरवर पैसे जातात.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, की हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली. साध्या चार्जरला बॅटरीत किती वीज साठली ते कळतच नाही. त्याला फक्त करंट कळतो. करंट ठरावीक पातळीखाली आला की दिवा हिरवा होतो. बॅटरी भरली की करंट उतरतो हे खरं, पण वायर तुटली, फ्यूज उडाला, पिन नीट बसली नाही तरी तो उतरतोच. म्हणून बॅटरी न जोडता चार्जर लावून पाहा. बहुतेक चार्जरवर तेव्हाही हिरवाच दिवा असतो. उतरलेली बॅटरी जोडल्यावरही तो लाल होत नसेल, तर वीज बॅटरीपर्यंत पोचलेलीच नाही.

लाल दिवा लगेच हिरवा झाला तर आनंद मानू नका. ८ अँपिअर-अवरची उतरलेली बॅटरी १.७ अँपिअरच्या चार्जरवर भरायला निदान पाच तास लागतात. ती अर्ध्या तासात ‘भरत’ असेल, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून तिची साठवण घटली आहे. हंगाम संपल्यावर उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बॅटरीचं असंच होतं.

लाल म्हणजे धोका, हेही सरसकट खरं नाही. पुष्कळ चार्जरवर लाल म्हणजे फक्त चार्जिंग चालू. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो. कुठे तो उलट्या जोडणीचा, कुठे फार उतरलेल्या बॅटरीचा, कुठे उष्णतेचा इशारा असतो. चार्जरवरचं लेबल वाचल्याशिवाय अर्थ लावू नये. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांवर चार्जिंग थांबवते. इथल्या मे महिन्यात पत्र्याखाली तेवढी उष्णता सहज होते. अशा वेळी बिघाड झालेला नसतो, बॅटरी स्वतःला जपत असते. तिला सावलीत, हवेशीर जागी न्या आणि थंड होऊ द्या.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. शिशाची बॅटरी चार्जरवरून काढून काही तास तशीच ठेवा, मग मोजा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर ती भरलेली, १२ च्या आसपास असेल तर बरीच रिकामी. पूर्ण चार्जिंगनंतरही आकडा १०.५ जवळच अडकत असेल, तर सहापैकी एक कप्पा गेला असावा. अशा वेळी नवा चार्जर घेऊ नका, बॅटरीच बदला आणि जुनी दुकानदाराला परत द्या. तिच्यातलं शिसं आणि आम्ल विहिरीजवळ किंवा शेतात जाता कामा नये.